गोष्ट धरून कशी ठेवते, हेही शिकवा

प्रति,
मराठी भाषा तज्ज्ञ समितीचे व अभ्यासगटाचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे.



2025-26 या शैक्षणिक वर्षात पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. आता वरच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत. पुस्तक एकदा छापून वर्गावर्गांत गेले की पुढची कित्येक वर्षे त्याला कोणी हात लावत नाही. जे मागायचे ते आत्ताच मागायला हवे, म्हणून हे पत्र. बालभारतीने 1967 पासून महाराष्ट्राच्या घराघरांत पुस्तक पोचवले. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कवठे महांकाळसारख्या तालुक्यात अशी अनेक घरे आहेत, जिथे मुलाच्या दप्तरातले मराठीचे पुस्तक हेच घरातले एकमेव गोष्टींचे पुस्तक असते. त्या पुस्तकात जे नाही, ते या मुलांना सहसा दुसरीकडे कुठे मिळत नाही. माझी तक्रार तिथूनच सुरू होते. मूल पहिली ते पाचवी गोष्टी वाचते, त्यांवरची उत्तरे लिहिते, काही पाठही करते. पण या गोष्टीने आपल्याला धरून कसे ठेवले, लेखकाने त्यासाठी नेमके काय केले, हे त्याला कोणी विचारत नाही आणि दाखवतही नाही.

धड्याखालचा स्वाध्याय पाहावा. एका वाक्यात उत्तरे लिहा, कोण कोणास म्हणाले, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, समानार्थी शब्द शोधा. गेल्या काही वर्षांत त्यात चांगली भर पडली, हे मान्यच करायला हवे. विचार करून सांगायचे प्रश्न आले, शब्दांचे खेळ आले, आजूबाजूला शोध घ्यायला लावणारे उपक्रम आले. याचे श्रेय आपल्या समित्यांचे आहे. तरीही या प्रश्नांचा रोख बहुतेक वेळा दोनच ठिकाणी जातो: गोष्टीत काय घडले आणि त्यावरून आपण काय शिकलो. मधली मोठी जागा मोकळीच राहते. हीच घटना दुसऱ्या कोणी सांगितली असती तर कंटाळवाणी झाली असती, मग इथे ती तशी का झाली नाही? लेखकाने आधी काय सांगितले, काय दडवून ठेवले, कुठे रेंगाळला, कुठे घाई केली? हे प्रश्न मोठ्यांच्या समीक्षेचे आहेत असे आपण धरून चाललो आहोत. माझे म्हणणे असे की ते सात वर्षांच्या मुलाचेही आहेत.

ते लहानपणी विचारले नाहीत तर पुढे काय होते, हे दहावीच्या उत्तरपत्रिकेत दिसते. कुमारभारतीत कवितेचे रसग्रहण येते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे येतात आणि त्यांना गुण असतात. एखादी ओळ आपल्याला का आवडली, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत शोधायची सवय ज्याला कधी लागलीच नाही, त्याच्यापुढे हे जडजड शब्द अचानक येऊन उभे राहतात. मग ते मूल मार्गदर्शकातली वाक्ये पाठ करते. कवीने साध्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे, हे वाक्य कुठल्याही कवितेखाली खपते, म्हणूनच ते पाठ केले जाते. निबंधाची गत तीच. ‘माझे गाव’ लिहायला सांगितले की नदी झुळझुळ वाहू लागते, डोंगर हिरवेगार होतात आणि पक्षी किलबिलाट करतात. आमच्या अग्रणी नदीच्या काठचे मूलसुद्धा हेच लिहिते. अग्रणी वर्षातला मोठा काळ कोरडी असायची. ती पुन्हा वाहती व्हावी म्हणून गावकऱ्यांना आणि प्रशासनाला कष्ट उपसावे लागले. या तालुक्याच्या बऱ्याच भागात शेताचे पाणी म्हणजे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन, कृष्णेतून एकेक टप्पा वर उचलून आणलेले. पाणी कधी सुटणार, आपल्यापर्यंत पोचणार की नाही, याकडे डोळे लावून बसलेली घरातली माणसे त्या मुलाने पाहिलेली असतात. ही वाट पाहणे म्हणजेच वाचकाला खिळवणारी गोष्ट आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून ते भलत्याच नदीचे वर्णन करत बसते.

लेखकाच्या युक्त्या मुलांना समजावून सांगायला नवे साहित्य लागत नाही, अवघड परिभाषा तर मुळीच लागत नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो, आणि चिमणी दर वेळी काहीतरी काम काढून त्याला थांबवते. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, कपडे घालायचे आहेत, झोपवायचे आहे. प्रत्येक मराठी मुलाला ही गोष्ट येते. शाळेत तिच्यावर प्रश्न येतो तो असा: कावळ्याचे घर कशाचे होते? पण दुसरीच्या वर्गात एवढेच विचारून पाहावे, की चिमणीने पहिल्याच हाकेला दार उघडले असते तर? मुले लगेच सांगतील, गोष्ट संपली असती. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. गोष्ट सांगणाऱ्याने दार उघडायला उशीर का केला? कारण तो उशीर आपल्याला हवा असतो. बाहेर पाऊस आहे, कावळा भिजतो आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे आतले प्रत्येक साधे काम लांबत चालल्यासारखे वाटते. लांबवणे ही लेखकाची युक्ती आहे, हे मुलाला इथे कळते. दुसरी युक्ती त्याच गोष्टीत आहे. कावळ्याची हाक तीच राहते, चिमणीचे उत्तर मात्र दर वेळी थोडे बदलते. जे तेच राहते ते मूल आधीच म्हणू लागते, आणि जे बदलते त्यासाठी कान टवकारते. ओळखीचे आणि नवे यांची अशी सांगड घालून गोष्ट ऐकणाऱ्याला सामील करून घेते. मोठमोठ्या कादंबरीकारांनाही याहून फार वेगळे काही करता येत नाही.

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट एक पायरी वरची आहे, आणि माझ्या मते तिसरीच्या वर्गासाठी तिच्याइतका उत्तम धडा नाही. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, आणि ती त्याला सांगते की परत येताना मी चांगली धष्टपुष्ट झालेली असेन, तेव्हा खा. या एका वाक्याने गोष्टीचा पुढचा सगळा भाग बांधला जातो. लेकीच्या घरी म्हातारी कितीही मजेत राहिली तरी ऐकणाऱ्याच्या मनात वाघ बसलेलाच असतो. लेखक आधी वचन देतो आणि मग ते वचन फिटेपर्यंत वाचकाला सोडत नाही, हे मुलांना इथे बोट ठेवून दाखवता येते. पुढे म्हातारी भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघते, आणि आता आणखी गंमत होते: भोपळ्यात कोण आहे ते आपल्याला माहीत आहे, वाघाला नाही. मुलांना विचारावे, वाघाला जे माहीत नाही ते आपल्याला आधी कशाला सांगितले? दडवले असते तर? वर्गात दोन तट पडतील. काही म्हणतील, दडवले असते तर शेवटी धक्का बसला असता. काही म्हणतील, मग वाघ भोपळ्याशी बोलताना हसू आले नसते. दोन्ही बरोबर आहेत, आणि हा वाद म्हणजे कथाशास्त्रातला खरा वाद आहे. वाचकाला पात्रापेक्षा जास्त सांगायचे की कमी, हा निर्णय प्रत्येक लेखकाला घ्यावा लागतो. आठ वर्षांच्या मुलाला तो भोपळ्यावरून कळतो. ‘टुणुक’ या शब्दाबद्दलही बोलता येईल. भोपळा घरंगळत गेला असे म्हटले असते तर अर्थ तोच राहिला असता, पण भोपळा दिसला नसता.

चौथी-पाचवीत यापुढे जाता येते. पंचतंत्रात एक प्राणी दुसऱ्याला सांगतो की अमक्यासारखे करशील तर अमक्यासारखी गत होईल, आणि दुसरा विचारतो, ते कसे काय? त्या प्रश्नाच्या बिजागरीवर पुढची गोष्ट उघडते. वेताळ गोष्ट संपवून राजालाच प्रश्न घालतो. राजा उत्तर जाणत असून गप्प राहिला तर डोके फुटणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे प्रश्न राजाला आहे, पण डोके आपण खाजवतो. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला संकटात ‘ट्टॉक’ करायची सवय आहे, आणि तेवढ्या एका आवाजाने तो पानावर येताच ओळखू येतो. पात्राला अशी एक ओळखीची खूण दिली की ते मनात राहते, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगितले तर ते स्वतःच्या गोष्टीतल्या कुत्र्याला लगेच अशी खूण देईल.

हे सारे पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी ठीक आहे, ग्रामीण मुलाला त्याचे काय, असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या तालुक्यातल्या आरेवाडीकडे पाहावे. तिथे बिरोबाचे बन आहे, जत्रेला दूरदूरचे धनगर येतात, आणि धनगरी ओव्या हे गोष्ट सांगण्याचे फार जुने आणि फार प्रगल्भ शास्त्र आहे. मुख्य गायक ओवी गातो, साथीदार ती उचलून धरतात, मग गाणे थांबते आणि तोच प्रसंग बोलीत, संवादांसह, सावकाश सांगितला जातो. गाण्यात जे पुसट राहिले ते बोलण्यात स्पष्ट होते; ऐकणाऱ्याला दम घ्यायला जागाही मिळते आणि पुढच्या ओवीची ओढही लागते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या ओव्यांसाठी आयुष्याची कित्येक वर्षे दिली, आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी बिरोबा आणि धुळोबा यांच्या कथा 2014 मध्ये इंग्रजी अनुवादातून जगापुढे ठेवल्या. जगातल्या विद्यापीठांना जी कला अभ्यासण्याजोगी वाटली, तिच्या कुशीत वाढलेल्या मुलाला शाळेत मात्र गोष्ट म्हणजे तात्पर्य असे शिकवले जाते. याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम गेले. तमाशाच्या फडात आणि पोवाड्यांत त्यांनी श्रोत्यांना बांधून ठेवणे शिकून घेतले, आणि ती जाण ‘फकिरा’च्या पानापानांत दिसते. 1843 मध्ये सांगलीतच विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. लोकांना खिळवण्याची विद्या या मातीत भरपूर आहे. शाळेच्या भिंतीच्या आत ती विद्या म्हणून ओळखली जात नाही, एवढाच फरक आहे.

शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 1955 मध्ये ‘बनगरवाडी’ लिहिली. धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो आणि तोच ‘मी’ होऊन सगळे सांगतो. वाडीतल्याच एखाद्या माणसाने हे सांगितले असते तर त्याला मेंढरांचे, माणसांचे, रीतींचे काहीच नवल वाटले नसते. मास्तर परका आहे म्हणून तो सगळे निरखतो, आणि आपण त्याच्या डोळ्यांनी निरखतो. कोणाच्या डोळ्यांनी सांगायचे, ही निवड पाचवीच्या मुलाला सहज समजावता येईल. शाळेत बदलून आलेल्या नव्या मुलाच्या नजरेने आपला वर्ग लिहा, एवढे सांगितले तरी पुरे. माडगूळकरांकडून शिकायची दुसरी बाब म्हणजे बारकावा, आणि माझ्या मते लेखनशिक्षणात आपण सर्वांत मोठी चूक इथेच करतो. आपण मुलांना मोठे शब्द वापरायला शिकवतो. त्यांना लहान वस्तू पाहायला शिकवायला हवे. ‘आमच्या भागात द्राक्षे पिकतात व बेदाणा तयार होतो’ हे वाक्य बरोबर आहे आणि कोणालाही काही दाखवत नाही. त्याच मुलाला विचारा, बेदाण्याच्या शेडमध्ये गेल्यावर आधी काय जाणवते? गंधकाच्या धुरीने घसा खवखवतो. जाळीच्या रॅकवर हिरवे मणी एकावर एक थरांनी पसरलेले असतात आणि दिवसागणिक सुरकुततात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आले की मोठ्यांचे आवाज बदलतात. मुलाला हे सगळे माहीत आहे. हे लिहिण्यासारखे आहे, वाचकाला इथेच थांबवता येते, हे मात्र माहीत नाही, कारण पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही उताऱ्यापाशी थांबून त्याला कोणी म्हटले नाही की पाहा, या लेखकाने ‘सुंदर’ हा शब्द एकदाही न वापरता सुंदर कसे दाखवले.

यावर काही आक्षेप येतील. पहिला आक्षेप मी सर्वांत गांभीर्याने घेतो. मुलांना धड वाचताच येत नसताना लेखकाच्या युक्त्यांचे कौतुक कशाला? मुलांची वाचनक्षमता तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या 2005 पासून हेच सांगत आहेत; 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडीच जास्त मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य ठेवले आहे. हे लक्ष्य योग्यच आहे. पण ‘असर’च्या चाचणीतली पायरी पाहावी: अक्षर, शब्द, परिच्छेद आणि सर्वांत वर गोष्ट. गोष्ट तिथे मोजपट्टीची शेवटची खूण आहे. मूल त्या खुणेपर्यंत चढावे असे आपल्याला वाटते, पण वर काय आहे याची ओढ त्याला लावत नाही. ज्याला पुढे काय होते हे जाणून घ्यायची घाई आहे ते मूल अडखळत का होईना पुढचे वाक्य वाचते. ज्याला ती घाई नाही ते मिनिटाला साठ शब्द वाचूनही पुस्तक मिटते. शिवाय मी सांगतो आहे त्यातले अर्ध्याहून अधिक काम तोंडी होणारे आहे. भोपळ्यावरची चर्चा करायला एकही जोडाक्षर वाचता यावे लागत नाही. गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधला प्रयोगशील शिक्षक दंगेखोर वर्गाला गोष्टीनेच वश करतो, आणि उरलेली गोष्ट ऐकण्यासाठी मुले त्याच्याभोवती जमतात. गिजुभाईंच्याच भावनगरच्या कामातून ताराबाई मोडक महाराष्ट्रात आल्या आणि बोर्डीला, पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले. ही परंपरा आपलीच आहे.

दुसरा आक्षेप साहित्यप्रेमींचा. गोष्टीची अशी चिरफाड केली तर मुलाचा आनंद जाईल, ते निरागसपणे ऐकू द्यावे. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोष्ट पुरी ऐकावी, हवी तर दोनदा-तीनदा ऐकावी, मग एकच प्रश्न. पण आनंद जाईल ही भीती मला मुलांच्या वागण्यातून खरी वाटत नाही. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागते. शेवट माहीत असूनही मागते. सांगणाऱ्याने एखादा शब्द बदलला तर ते अडवते. म्हणजे काय घडणार यापेक्षा कसे सांगितले जाते यावर त्याचे बारीक लक्ष आधीपासूनच असते. उखाणे आणि कोडी घालताना ते स्वतः उत्तर लांबवते आणि समोरच्याला तिष्ठत ठेवते. आपण त्यात नवे काही घालत नाही, त्याच्याकडे असलेले त्याला दाखवतो. आनंद खरोखर मारतात ते एका वाक्यात उत्तरे लिहायला लावणारे दहा प्रश्न, आणि त्यांना साहित्यप्रेमी सहसा हरकत घेत नाहीत.

संस्कारांचा प्रश्न निघेल. गोष्टीतून मूल्ये रुजवायची सोडून तंत्र शिकवायचे का? मला इथे साने गुरुजींचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण त्यांच्याहून संस्कारांचा मोठा कैवारी कोण दाखवणार? 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली आणि ती प्रकरणांत नव्हे, रात्रींत मांडली. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. ही मांडणी काढून टाका आणि उरलेला उपदेश सलग छापा. तो इतक्या पिढ्यांनी डोळे पुसत वाचला असता का? वाचक स्वतःला त्या ऐकणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात बसलेला समजतो, म्हणून आईचे बोलणे त्याच्यापर्यंत पोचते. गुरुजींची मूल्ये त्यांच्या कथनकौशल्याच्या खांद्यावर बसून आली. ते कौशल्य मुलांना दाखवल्याने संस्कार पातळ होत नाहीत.

शिक्षकांवरचा भार हा आक्षेप खरा आहे. सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे आणि द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता. त्यांना आणखी एक उपक्रम देऊ नये, आणि माझी मागणी तशी नाहीच. पाच प्रश्नांतला एक बदलला तर भार वाढत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत निकडीचे वाटते. खिळवून ठेवण्याच्या या युक्त्या आज मुलांवर सर्वाधिक कोण वापरतो? हातातला फोन. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत पहिल्याच क्षणाला प्रश्न टाकला जातो, उत्तर शेवटपर्यंत दडवले जाते, आणि ते मिळते न मिळते तोच पुढची फीत सुरू होते. चिमणीने दार न उघडण्याचीच ती युक्ती आहे. फक्त इथे दार कधीच उघडायचे नसते, कारण पाहणारा निघून जाता कामा नये. ज्या मुलाला लांबवणे, दडवणे, वचन देणे ही कामे कशी होतात हे गोष्टीतून कळले आहे, ते निदान ओळखू शकेल की आपल्याला कोणीतरी धरून ठेवले आहे, आणि इथे धरून राहण्यासारखे काही आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारू शकेल. जाहिरात, अफवा, सभेतले भाषण यांनाही हेच लागू आहे. फोन हातातून काढून घेण्याचे फर्मान रोज निघते. ही ओळख करून देण्याचा विचार मात्र अभ्यासक्रमात दिसत नाही.

आता मागण्या. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक गोष्टीखाली आणि कवितेखाली एक तरी प्रश्न ‘कसे’ याचा असावा, आणि त्याला एकच बरोबर उत्तर नसावे. कुठे थांबावेसे वाटले नाही? कोणता शब्द काढला तर चित्र पुसले जाईल? लेखकाने ही गोष्ट शेवटून सुरू केली असती तर? ही मागणी जगावेगळी नाही. इंग्लंडच्या 2014 पासून लागू असलेल्या प्राथमिक अभ्यासक्रमात सात ते नऊ वर्षांच्या मुलांनी वाचकाची उत्सुकता आणि कल्पना जागवणाऱ्या शब्दांवर बोलावे, आणि त्यापुढच्या मुलांनी लेखकाच्या भाषेचा वाचकावर काय परिणाम होतो ते तपासावे, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. आपल्या मुलांकडून ती करण्यात काही अडचण नाही.

याहून महत्त्वाची विनंती उताऱ्यांच्या निवडीची आणि संपादनाची आहे. नामवंत लेखकाची कथा दोन-तीन पानांत बसवण्यासाठी कापली जाते, तेव्हा आधी कात्री लागते ती पुनरावृत्तीला, रेंगाळण्याला, वासा-आवाजांच्या बारकाव्यांना, कारण कथानकाला त्यांची गरज वाटत नाही. पण वाचकाला धरून ठेवणारे तेच असते. कापून उरलेल्या सांगाड्यावर मुलाने प्रेम करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. सहा कापलेल्या कथांऐवजी तीन पूर्ण कथा द्याव्यात. धडे कमी झाले तरी चालतील. बोलीतला संवाद प्रमाण करून टाकू नये. माणदेशी माणूस माणदेशीत बोलला तरच तो कानात राहतो. शिक्षक हस्तपुस्तिकेत प्रत्येक इयत्तेसाठी तीन-चार गोष्टी मोठ्याने वाचण्यासाठी द्याव्यात आणि कोणत्या वाक्यापाशी थांबून ‘पुढे काय होईल’ विचारायचे, तेही छापावे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन करून महाराष्ट्राला दाखवून दिले की कुठे थांबायचे हे सांगणाऱ्याला कळले पाहिजे. त्यांचे कथाकथन शिक्षकांना प्रशिक्षणात ऐकवावे. आपल्याच मंडळाचा ‘किशोर’ 1971 पासून निघतो आहे आणि त्याच्या जुन्या अंकांत मराठीतल्या उत्तमोत्तम लेखकांनी मुलांसाठी लिहिलेले साहित्य आहे. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना दूर जावे लागत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ या पुस्तकांनी मुलांशी भाषेविषयी बरोबरीच्या नात्याने कसे बोलायचे याचा पायंडा पाडला आहे, त्याचीही दखल घ्यावी. सातारा जिल्ह्यात कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी शिकवण्याची रीत बदलून दाखवली, आणि भिलार हे 2017 पासून पुस्तकांचे गाव आहे. म्हणजे इच्छा आणि माणसे दोन्ही या पट्ट्यात आहेत. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळाशाळांत होतो. त्या दिवशी किती पुस्तके वाचली याचा तक्ता भरण्याऐवजी प्रत्येक मुलाने आपल्याला खिळवून ठेवणारे एक पान आणि त्याचे कारण सांगावे, असे परिपत्रकात सुचवता येईल.

शेवटची विनंती अशी. नव्या पुस्तकांचे मसुदे तपासून पाहताना ते कवठे महांकाळ, जत, आटपाडी या भागांतल्या वाडीवस्तीवरच्या एखाद्या शाळेतही नेऊन पाहावेत. तिथल्या तिसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवावी, मधेच पुस्तक मिटावे आणि ती काय म्हणतात ते समितीच्या सदस्यांनी स्वतः ऐकावे. कोणता धडा ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे ठरवताना तिथे ऐकलेल्याला तज्ज्ञांच्या अभिप्रायाइतकेच वजन द्यावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक मराठी वाचक,
कवठे महांकाळ, जि. सांगली